पोत्यापोत्यात एक मूठ

थांबा. तांदळाच्या पोत्याला हात लावायच्या आधी घटकाभर माझं ऐका. मी परखी बोलतेय. पोकळ लोखंडी नळी, पुढे टोक, मागे लाकडी दांडी. पोत्यात खुपसली की आतला दाणा माझ्या पन्हाळीतून घरंगळत तळहातावर येतो. पोतं न सोडता आत काय आहे ते मी सांगते. माझ्यापासून काही लपत नाही, अशी माझी मोठी फुशारकी होती. आता तिचं नाव काढवत नाही.

माझी उमर वडशाच्या एका राइस मिलमध्ये गेली. भैयाजी नावाच्या दलालाच्या हातात मी असायचे. माणूस भारी खडूस. दाणा दाताखाली फोडायचा आणि तोंड वाकडं करून म्हणायचा, "ओला हाय. वापस नेजो." शेतकरी त्याला काही बोलायचा नाही, माझ्याकडे मात्र असा बघायचा की जणू मीच त्याचं धान भिजवलं. पुढे भैयाजी थकला, मिलमध्ये यंत्रं आली, आणि पोंभुर्ण्याकडच्या एका गावातले दसरूभाऊ मला मागून घेऊन गेले. ते तिथल्या शेतकरी गटाचे अध्यक्ष. "आपला माल आपणच तपासू," म्हणाले. गटाच्या गोदामातल्या एका खिळ्यावर मला जागा मिळाली.

त्या वर्षी गावात एकच विषय. सरकारने कुठल्याशा देशांशी व्यापाराचा करार केला होता, आणि आपल्या तांदळावर तिकडे लागणारी जकात उठली होती. दसरूभाऊ बैठकीत समजावून सांगायचे, "दरवाजा उघडला गड्यांनो, पण उंबरठा उंच हाय." उंबरठा म्हणजे औषधाचा अंश. शंभर किलो तांदळात एका मिलिग्रॅमच्या वर निघाला की माल बाद, मग जकात असो की नसो. म्हणून गटातल्या बावीस घरांनी ठरवलं, करपा रोग आला तरी आपल्या धानावर फवारणी करायची नाही. आणि कोणीही केली नाही. मी साठही पोती आतून पाहिली आहेत, म्हणून छातीठोक सांगते.

पोती शिवायचं काम रुखमाबाईंकडे होतं. त्यांचा एकुलता एक मुलगा प्रणित तीन वर्षांपूर्वी बांधावर गवत कापत असताना वाघाने नेला. शेतात धान पिकून उभं होतं. बाईंना तिकडे पाय टाकवेना. ते धान शेजारच्या, गटातल्याच सुकलूने कापलं, चुरून दाणा वेगळा केला, घरी आणून टाकलं आणि मजुरी घेतली नाही. त्या धानाचा तांदूळ बाईंनी पत्र्याच्या डब्यात भरून ठेवला. त्यातला एक दाणा कधी शिजवला नाही. सोंडेकिडे लागू नयेत म्हणून दर पावसाळ्याआधी दुकानातली पांढरी भुकटी त्यात कालवायच्या. पोराचं शेवटचं पीक ते, जपणारच ना.

पोतं शिवताना बाई पदराखालून एक मूठ तांदूळ काढायच्या, पोत्याच्या तोंडाशी टाकायच्या आणि हळूच म्हणायच्या, "जाय बापू. जाऊन येजो." मग सुतळी ओढायच्या. प्रणितने चंद्रपूरच्या पलीकडे काही पाहिलं नव्हतं. आपल्या गावचा तांदूळ जहाजात बसणार हे ऐकल्यावर त्यांना वाटलं, याच्या डब्यातलीही एक मूठ जाऊ दे. साठ पोत्यांत साठ मुठी. गोदामात त्या आणि मी, दोघीच. मलाही ते पाहून बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू?

आठवड्याने माल परदेशी पाठवणाऱ्या व्यापाऱ्याचा माणूस नमुना घ्यायला आला. त्याने मला खिळ्यावरून काढलं आणि पहिल्या पोत्यात शिवणीजवळच खुपसलं. ती भुकटी मला तेव्हाच लागली. कोरडा, उग्र वास, दाण्यादाण्याला चिकटलेला. मी जागच्या जागी रुतून बसायला पाहत होते, पण लोखंडाचं कोण ऐकतं? साठ वेळा खुपसलं, साठ वेळा मी ओतलं. त्याने थैली बांधून लाखेची मोहर लावली. माझं पोट रिकामं झालं, पण वास गेला नाही.

अहवाल आला. नमुना नापास. इंग्रजीत औषधाचं लांबलचक नाव होतं, ते कोणाला वाचता आलं नाही. फवारलंय एवढंच सगळ्यांनी धरलं. आजूबाजूच्या गावांचा माल घेऊन ट्रक गेला, आमची पोती गोदामात जिथल्या तिथे राहिली. मग कोणीतरी म्हणालं, सुकलूच्या पाठीवर पंप पाहिला होता. पाहिलाच असेल. तो मजुरीने दुसऱ्याच्या कापसावर फवारायला गेला होता. तो तसं सांगत होता, पण कोण ऐकतो? गावातल्या एका बारशाच्या पंगतीत त्याच्या शेजारची जागा रिकामी राहिली, तेव्हापासून तो पंगतीला जाईनासा झाला.

आणि मला आवाज यायला लागले. हसू नका. दुपारी गोदाम बंद असलं की पोत्यांच्या थप्पीतून कोणीतरी विचारायचं, "आता जाऊ का?" एका पोत्यातून, मग दुसऱ्यातून. मी जन्मभर पोत्यांत वावरले, दाणा कधी बोललेला ऐकला नाही. बाईंनाही ऐकू येत असावं. एकदा त्या आल्या, थप्पीला गाल लावून बराच वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "थांब ना रे." मला तेव्हा भीती वाटली. अजूनही वाटते.

पेरणीच्या आधी गोदामातच बैठक भरली. फवारणारा माणूस गटातून काढला तर पुढचा माल बघू, असं व्यापाऱ्याने कळवलं होतं. सोबत अहवालाची मराठी प्रत होती. दसरूभाऊंनी ती मोठ्याने वाचली आणि मधेच अडखळले. "हे पिकावर माराचं औषध नोहे. धान्यात टाकाची भुकटी हाय म्हणते."

"मंग सुकलूनं घरी टाकली असन," मागून कोणीतरी बोललं.

रुखमाबाई उठल्या आणि घरी गेल्या. परत आल्या तेव्हा काखेत डबा होता. दाराशी बसलेल्या सुकलूने डबा पाहिला. त्यात भुकटी कालवताना त्याने शेजारून बाईंना दर वर्षी पाहिलं होतं, त्याला सगळं कळलं. तो गडबडीने उभा राहिला.

"बाई, राहू द्या. मी निंगतो गटातून. डबा नका उघडू."

"तुनं माह्या पोराचं धान कापलं," बाई म्हणाल्या. "हे तुह्या नावावर कसं टाकू मी?"

त्यांनी मला खिळ्यावरून काढलं. मला त्यांनी सरळ डब्यात घातलं, अगदी तळापर्यंत, आणि दसरूभाऊंच्या ओंजळीत ओतलं. "हुंगून पाहा, भाऊ. पोत्यापोत्यात एक एक मूठ मीच टाकली."

दसरूभाऊंनी हुंगलं. मग ओंजळ तशीच धरून ते सुकलूकडे बघत राहिले. बाईंना कोणी शब्दानेही बोललं नाही. ज्यांनी पंपाची गोष्ट काढली होती, त्यांनी सरकून सुकलूला आपल्याजवळ बसवलं. त्याच्यावरचा डाग धुतला गेला. साठ पोती मात्र वायाच गेली.

दसरूभाऊ हळूच म्हणाले, "बाई, हा तांदूळ घरात नका ठेवू. जहर हाय."

"खाता येत नाई," बाई म्हणाल्या. "ढोराले घालता येत नाई. तळ्यात सोडीन, तर मासोळ्या मरतीन. मातीत पुरीन, तर तेच पानी आपल्या धानाले लागन." त्यांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. "मंग आता याले कुठी ठेवू मी?"

बावीस घरांतली माणसं उठून एकेक करून निघून गेली. डबा झाकण लावून माझ्या खिळ्याखाली ठेवलेला आहे. बाई रोज येतात, तेच विचारतात. आत काय आहे एवढंच मला सांगता येतं. तुम्हाला ठाऊक असेल तर या बाबांनो, आणि त्या माउलीला सांगा.