सहकुटुंब या

हॉलच्या दारावरचा फलक आधी नीट होता. ‘घरातील मारहाण: माहिती आणि मदत. फक्त महिलांसाठी.’ शनिवारी सकाळी बघते तर शेवटच्या ओळीवर कागद चिकटवलेला, आणि त्यावर ठळक अक्षरांत, ‘सहकुटुंब या’.

मी तशीच कल्याण अधिकाऱ्यांच्या खोलीत गेले. कारखान्याच्या वसाहतीतले सगळे कार्यक्रम तेच ठरवतात.

“साहेब, हे का बदललंत?”

“अहो काकू, नुसत्या बायका म्हटल्या की हॉल अर्धा रिकामा दिसतो. आणि पुरुषांना वगळून प्रबोधन कसलं?”

“नवऱ्याशेजारी बसून बाई काय बोलणार?”

“बोलण्यासारखं असेल तर बोलेल की. आपल्याकडे तसले प्रकार नाहीत.” ते हसले. “तुम्ही पुढच्या रांगेत बसा. तुमच्यासारखी सात्त्विक माणसं पुढे शोभतात.”

मी जीभ आवरली. पुढे बोलायचं तर नाव घ्यावं लागलं असतं.

माझ्या शेजारच्या बिऱ्हाडात स्टोअरवाला राहतो. कारखान्याचं कोठार त्याच्या ताब्यात. कुणाचं सिलिंडर वर चढवायचं असो, कुणाच्या म्हाताऱ्याला दवाखान्यात न्यायचं असो, पहिली हाक त्यालाच. ‘हक्काचा माणूस’ हेच त्याचं नाव पडलंय. त्या हक्काच्या माणसाचा हात भिंतीपलीकडे कसा चालतो, ते माझ्या कानांना ठाऊक. बायकोने फोन केला की तो नंबर बघतो, ती खाली उतरली की घड्याळ बघतो. फक्त माझ्याकडे, दुपारच्या पोथीला, तिला मोकळीक. देवापाशी बसून काय बिघडणार, असा त्याचा हिशेब. त्याच पोथीसमोर बसून, माझ्या फोनवरून, तिने मदतकेंद्राला फोन लावला होता. पलीकडची बाई म्हणाली, “शनिवारी आमची माणसं तुमच्याच वसाहतीत येतायत. कार्यक्रम संपला की एकटी भेटा. निघायचं असेल तर गाडीतून घेऊन येतील.” नवऱ्याला संशय नको म्हणून पोरीने कपड्यांना हात लावला नाही. ओळखपत्र तेवढं माझ्या पिशवीत आणून टाकलं.

संध्याकाळी हॉल गच्च. आणि माईकच्या खोक्यापाशी कोण, तर हक्काचा माणूस. पडदा त्यानेच ताणला, वायरी त्यानेच जोडल्या. बायको माझ्या शेजारी, त्याच्या नजरेच्या टप्प्यात.

मदतकेंद्राच्या बाई चांगलं बोलल्या, खोटं कशाला सांगू. मारहाण म्हणजे नुसती थप्पड नव्हे. पैसे अडवणं, फोन तपासणं, माहेर तोडणं हेही त्यातच येतं, असं चित्रांसकट दाखवलं. स्टोअरवाला मान डोलवत होता. मग बाईंनी विचारलं, “इथे कुणाच्या घरी असं घडतं? निःसंकोच हात वर करा.”

हे नवऱ्यांच्या मांडीला मांडी लावून बसलेल्या बायकांना. माझ्या शेजारच्या पोरीचा तर उजवा खांदा परवापासून वर जातच नव्हता.

“एकही हात नाही.” अधिकारी उठलेच. “बघा बाई, म्हटलं नव्हतं? आमची वसाहत म्हणजे एक कुटुंब.” टाळ्या पडल्या. बाईंनीही वाजवल्या. “आणि आता सकाळपासून राबलेल्या आपल्या हक्काच्या माणसाचा सत्कार, त्यांच्या सौभाग्यवतींच्याच हस्ते.”

माझ्या अंगाची लाही लाही झाली. देवा, सहनशक्ती दे, असं रोज मागते मी. त्या क्षणी वाटलं, नको देऊस.

पोरगी उठली. डाव्या हाताने गुच्छ दिला. फोटोसाठी तो तिच्या खांद्यावर हात ठेवायला गेला तशी चटकन मागे सरली.

“लाजल्या वहिनी,” मागून कुणीतरी म्हणालं. हशा पिकला.

“वहिनी, दोन शब्द,” म्हणत अधिकाऱ्यांनी माईक पुढे केला.

तिने तो धरला. “मला या बाईंबरोबर जायचंय. हे मला...”

पुढचं ऐकू आलं नाही. नवऱ्याने शेजारच्या खोक्याचं बटण फिरवलं होतं. “वायर सैल झाली वाटतं,” तो अगदी गोड आवाजात म्हणाला. तिचे ओठ हलत राहिले आणि मागच्या रांगा एकमेकींना विचारू लागल्या, काय म्हणाली, काय म्हणाली.

माझा आवाज बारीक. दूधवाला म्हणतो, काकू, तुम्ही दूध मनातल्या मनात मागता. पण मी उठले आणि लोकांकडे तोंड केलं. तिने एक वाक्य बोलायचं, मी ते मोठ्याने सांगायचं, असं चाललं.

“हे मला मारतात.”

“परवा खांदा पिरगळला.”

“मला परत त्या घरात जायचं नाही.”

हॉल इतका गप्प झाला की मला ओरडावं लागलं नाही.

“काकू, हा घरातला मामला आहे,” अधिकारी कुजबुजले.

“घरातला होता तर सहकुटुंब कशाला बोलावलंत?”

मदतकेंद्राच्या बाई गडबडल्या. “ताई, आम्ही तुमचं ऐकून घेऊ. सोमवारी केंद्रावर या.”

“फोनवर तर गाडीतून नेऊ म्हणालात,” पोरगी म्हणाली.

“त्या दुसऱ्या ताई. त्या रजेवर आहेत. आम्ही फक्त जनजागृतीचं बघतो.”

“मग जाग्या झालेल्या बाईने सोमवारपर्यंत राहायचं कुठे?” मी विचारलं. “तुमच्या पडद्यावर?”

पडद्यावर शेवटचं चित्र तसंच होतं. ‘तिच्यावर विश्वास ठेवा. तिला एकटं सोडू नका.’ बाईंनी मान वळवून ते वाचलं. इतका वेळ आपणच वाचून दाखवत होतो, हे विसरल्यासारखं. मग वायरी, पडदा सगळं तिथेच टाकून म्हणाल्या, “चला.”

फाटकापर्यंत तो मागे आला, हातात गुच्छ घेऊन. “काकू, तुम्ही एवढ्या देवाधर्माच्या, आणि दुसऱ्याचा संसार मोडता?”

“आधी तिच्या खांद्याचं बघते. संसाराचं मग.”

मीही पिशवी सांभाळत गाडीत बसले आणि दार ओढून घेतलं. गाडी वळणावर आली. मग बाई म्हणाल्या, “पण काकू, पुरुषांनाही शिकवायला हवंच ना हो?”

“शिकवा की. दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या खोलीत. आणि हात वर करायला त्यांना सांगा.”

ड्रायव्हरने विचारलं, सरळ केंद्रावर घेऊ का.

“आधी दवाखाना,” पोरगी म्हणाली. “खांद्याचं डॉक्टरकडून लिहून घ्यायचंय मला.”