गिरणीचा लाल रंग

अक्षताचं पत्र येऊन आता सव्वातीन वर्षं झाली. मी उत्तर दिलं नाही. पत्ता हरवला होता असं सांगता आलं असतं, पण पत्र माझ्या टेबलाच्या खणातच होतं आणि मागे चारकोपचा पत्ता तिने सेक्टरसकट लिहिला होता.

अक्षता आमच्या भांडुपच्या चाळीत वाढली. लहानपणी माझ्याकडून पुस्तकं न्यायची आणि पानांचे कोपरे दुमडून परत द्यायची. 'काका, तुम्ही फोनवर नुसतं हं हं करता, म्हणून लिहिते आहे,' अशी पत्राची सुरुवात होती. तिचा देवेश तेव्हा दीड वर्षाचा. पाळण्यात उभा राहून कठडा चावायचा. सारखी चिडचिड, पोटदुखी. डॉक्टरांनी रक्त तपासलं तर त्यात शिसं निघालं. घरातली एकेक वस्तू तपासत गेल्यावर पाळण्याच्या लाल रंगात ते सापडलं. 'पाळणा चाळीचा, म्हणून फेकला नाही, परत पाठवते आहे. पण आता कुणाच्याही बाळाला देऊ नका. आणि तो रंग कुठून आणला होता, तेवढं कळवा.'

रंग माझा होता. माझे वडील परळच्या एका गिरणीत होते. यंत्रांना गंज चढू नये म्हणून लावायच्या लाल रंगाचा एक डबा त्यांनी तिथून आणला होता. गिरण्या बंद पडल्या, वडील गेले, डबा राहिला. गिरणीचा रंग निघत नाही, हे आम्ही अभिमानाने सांगायचो.

चाळीतल्या प्रत्येक मुलाचं बारसं त्या एकाच फणसाच्या लाकडाच्या पाळण्यात व्हायचं. माझं अक्षर बरं, म्हणून कठड्यावर त्याच लाल रंगाने बाळाचं नाव रंगवायचं काम माझ्याकडे. रंग वाळायला हवा, म्हणून आदल्या संध्याकाळीच बाळाची आत्या येऊन माझ्या कानात नाव सांगायची. तोवर ते बापालाही ठाऊक नसे. 'तुम्ही काही बोलणार नाही, म्हणून सांगते हां,' असं म्हणायची. मी लिहायचो आणि वर फडकं टाकायचो. बाहेर घुगऱ्या शिजल्याचा वास, बायकांची गडबड, आणि चाळीत मला एकट्याला ठाऊक असलेलं एक नाव. अशी सत्तावीस नावं लिहिली. मला वाटतं, आयुष्यात मी कुणाच्या उपयोगी पडलो ते तेवढंच. तेच विषारी होतं असं कागदावर लिहायला हात धजेना. पाळणा माळ्यावर टाकला आणि गप्प बसलो.

गेल्या आठवड्यात शेजारचा राजेश आला. त्याची मुलगी ऋतिका बाळंतपणाला माहेरी आली आहे.

"काका, पाळणा काढूया. रविवारी बारसं."

मी स्टूल धरलं. धरायला नको होतं. त्याने पाळणा गॅलरीत ठेवला आणि खिशातून पॉलिशपेपर काढला. "पोपडे आलेत. जरा घासतो, मग तुम्ही झकास नाव टाका." त्याने हात मारला तशी लाल भुकटी लादीवर उडाली. चार हातांवर, दारात ऋतिका मुलीला घेऊन बसली होती.

"थांब," मी म्हणालो. ते कुणाला ऐकू गेलं नाही. मग मी राजेशचं मनगट धरलं.

"काय झालं, काका?"

"ऋतिका, बाळाला आत ने. आधी ने."

मला वाचून दाखवणं जमलं नसतं, म्हणून पत्र आणून तिच्याच हातात दिलं. तिने आतल्या खोलीत ते मोठ्याने वाचलं. राजेशची आई शेवंतीवहिनी ऐकत होती.

"आमची पोरां ह्याच पाळण्यात वाढली," ती म्हणाली. "कोणाक काय झाला?"

"आपण कुठे तपासलं, आजी?" ऋतिका म्हणाली. पत्रावरची तारीख बघून ती माझ्याकडे वळली. "काका, देवेश आता कसा आहे?"

मला माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.

तिने पत्राची घडी घालून मला परत दिली. राजेशने हात धुतले, ओल्या फडक्याने लादी दोनदा पुसली आणि फडकं पिशवीत बांधलं. "रंग घासला तर भुकटी उडणार, वरून नवा लावला तर पोर तोही कुरतडणार," तो म्हणाला. "राहू दे." आम्ही पाळणा प्लास्टिकमध्ये गुंडाळला. रविवारी बारसं शेवंतीवहिनीच्या नऊवारीच्या झोळीत झालं. आदल्या संध्याकाळी माझ्याकडे कुणी आलं नाही. मुलीचं नाव मला सगळ्यांबरोबर कळलं.

सोमवारी मी दोन दारं वाजवली. देवेशच्या आधी पाळण्यात झोपलेली दोन मुलं अजून शाळेत आहेत. एका घरी चहा मिळाला. दुसऱ्या घरी मुलाची आई म्हणाली, "इतकी वर्षं काय करत होता?" रास्त होतं. दोघांनाही रक्त तपासून घ्यायला सांगितलं.

मग अक्षताला लिहिलं. चार कागद फाडले. रंग गिरणीतला होता, लावणारा मी. देवेशनंतर कुणी त्या पाळण्यात झोपलं नाही. तुझं पत्र मी लपवलं, त्याला कारण भित्रेपणा. पाळण्याची विल्हेवाट कशी लावायची ते तुझ्या डॉक्टरांना विचार. आणि देवेश कसा आहे?

टपालपेटीपर्यंत जाऊन मी परत फिरतो, हे मला ठाऊक आहे. म्हणून मंगळवारी पोस्टाच्या खिडकीवर रांग लावली, पाकीट आत सरकवलं आणि पावती घेतली.