मायनं साफ केलेला आंबा

माझ्या कॉलेजातल्या मॅडम सोमवारी येणार होत्या, आणि पाहुणे यायचे म्हटलं की माझ्या मायचा हात थांबत नाही. भांडी घासून झाली, अंगण सारवून झालं. शनिवारी तिनं कोयता उचलला आणि बांधावरच्या आंब्याचं बांडगूळ साफ केलं. वीस वर्षं ऊसतोड केलेली बाई, तोडलं तेही बुडापासून.

ते बांडगूळ नव्हतं. रास्ना होती, रानातलं ऑर्किड. बांडगूळ झाडाचा रस पितं. ही बिचारी नुसती फांदी धरून बसते. जिंतूर तालुक्यात ती कुठं कुठं आहे, याचा नकाशा मी एम.एस्सी.साठी करत होते. चारठाण्याभोवती वर्षभर पायपीट करून त्यावर एकच ठिपका पडला होता, आमच्या आंब्याचा. तोच बघायला मॅडम येणार होत्या.

"माय, माझ्या वर्षाचं वाटोळं केलंस गं!"

एरवी माझी माय, चांगुणाबाई, कुणाचं ऐकून घेत नाही. त्या दिवशी खाली मान घालून म्हणाली, "दोरीनं बांधू का परत?"

"बांधली तर जगंल. पर नकाशात आपसूक उगवलेलीच चालती."

राग जाईना, म्हणून मोबाइलवरचा फोटो तिच्या नाकासमोर धरला. पिवळट पाकळ्यांवर तपकिरी चौकटी, मधे जांभळी जीभ. "बघ, हे फूल येणार होतं तिला!"

माय फोटोकडं बघतच राहिली. "हे व्हय? आगं, बोरी गावाच्या अलीकडं वढ्याकाठच्या मोहाच्या झाडावर लय हाय की! तोडीवरून माघारी येताना आमची टोळी तिथंच थांबायची. तुझी झोळी त्याच मोहाला बांधायचे. तू रडाय लागलीस की हेच फूल हुंगवायचे."

"मग कापलंस कशाला?"

"फूल न्हवतं की त्याला! बिनफुलाचं मला काय ठावं?"

रविवारी स्कूटीवर मायलेकी निघालो. मोह होता. रास्नाही होती, एका देठाला दोन फुलं घेऊन. मी नाक जवळ नेलं. मला काही आठवलं नाही, खोटं कशाला सांगू? पण मायच्या चेहऱ्याकडं बघून रडू आलं.

सोमवारी मॅडमनी तोच मोह बघितला आणि नोंदीचा कागद पुढं केला. ‘शोधणाऱ्याचं नाव’ या रकान्यात मी मायचं नाव लिहिलं आणि तिला वाचून दाखवलं.

"माजं कशाला? मी तर तोडली."

"दाखवलीसबी तूच."

माय जरा वेळ त्या अक्षरांवरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "तर मग एकावरच कशाला थांबलीस? आजून चार झाडं हायती, लिही."