दहा मार्कांचं श्रुतलेखन

लक्ष्मीकांतला पोलिसांनी उचललं तेव्हा त्याची बहीण पोलिसांच्याच परीक्षेची प्रश्नपत्रिका काढत बसली होती.

नव्व्याण्णव सालचा मार्च. निरुपमा दिघे बडोद्याच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवायची आणि आठवड्यातून दोनदा शहराबाहेरच्या पोलीस प्रशिक्षण केंद्रात तास घ्यायची. केंद्र नवं होतं, एका बंद पडलेल्या गिरणीच्या आवारात थाटलेलं. फौजदार होऊ घातलेल्या मुलामुलींना इंग्रजी यावं म्हणून वरून कुठून तरी अभ्यासक्रम आला होता: इंग्रजी बोलणारे देश आणि तिथले पोलीस. लंडनच्या शिपायाला बॉबी का म्हणतात? कॅनडाची राजधानी कोणती? अमेरिकेत अडचणीत सापडलेला माणूस कोणता नंबर फिरवतो? इंग्लंडमध्ये एखाद्याला अटक करताना पोलीस त्याला काय सांगतात? डभोई, पादरा अशा आसपासच्या गावांतली मुलं ओटावा, कॅनबेरा अशी नावं जोरजोरात घोकायची. निरुपमाला त्यांचं कौतुक वाटायचं.

फोन भक्तीचा होता. लक्ष्मीकांतची बायको.

"वन्सं, ह्यांना सकाळी गेटवरनं जीपमध्ये घालून नेलं. बरोबरचे बाकीचे पळाले. मी चौकीवर जाऊन आले, मला आत सोडत नाहीत."

लक्ष्मीकांत पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात फिटर होता. नव्या मालकांना जुने कामगार नको होते. सगळं काम ठेकेदाराकडून करून घ्यायचं ठरलं होतं. म्हणून कामगार गेटसमोर बसले होते. लक्ष्मीकांत काही पुढारी नव्हता. पण त्याचा आवाज मोठा आणि अक्षर चांगलं, त्यामुळे फलक लिहिणं आणि घोषणा देणं त्याच्याकडे आलं होतं.

निरुपमानं स्कूटी काढली. भर दुपारी हायवेवरच्या त्या चौकीपर्यंत पोचेस्तोवर तिच्या मनात भीती होती, राग नव्हता. आत टेबलामागे विक्रमसिंह ठोसर बसलेला दिसला तेव्हा तर तिला हायसंच वाटलं. विक्रमसिंह तिचाच विद्यार्थी, गेल्या तुकडीतला. आजोबा गायकवाडी फौजेत होते हे तो पहिल्याच दिवशी अभिमानानं सांगणारा. इंग्रजीत पहिला आलेला. अटकेच्या प्रश्नाचं त्यानं लिहिलेलं उत्तर तिनं पुढच्या तुकडीला वर्गात वाचून दाखवलं होतं.

तो ताडकन उठला. पाया पडला.

"मॅडम! तुम्ही इकडे? बसा ना. ए, पंखा फिरव इकडे. चहा सांगतो."

"चहा नको. लक्ष्मीकांत दिघे माझा भाऊ आहे."

विक्रमसिंहचा चेहरा क्षणभर पडला. मग सावरला. "अरे अरे. आडनाव ऐकलं, पण माझ्या लक्षातच आलं नाही बघा. काही नाही मॅडम, नुसती चौकशी. अटक वगैरे काही नाही."

"अटक नाही तर मग घरी का जाऊ देत नाही?"

"जाऊ देणारच ना. संध्याकाळपर्यंत."

"मला त्याला आत्ता बघायचंय."

विक्रमसिंहनं मान हलवली तसं शिपायानं मागच्या खोलीतून लक्ष्मीकांतला आणलं. डाव्या कानावर तळहात गच्च दाबून तो भिंतीला धरून चालत होता. शर्टाची कॉलर लाल झाली होती.

"काय झालं रे?"

"काय?" तो म्हणाला. मग डोकं वळवून उजवा कान तिच्याकडे केला. "काय म्हणालीस, ताई?"

निरुपमा विक्रमसिंहकडे वळली. "कोणी मारलं?"

"कारखान्याच्या मॅनेजरसमोर उलट बोलत होते ते, मॅडम. मीच दोन ठेवून दिल्या. माहीत असतं तुमचे भाऊ आहेत, तर हातसुद्धा लावला नसता. आईशप्पथ."

खजील होऊन, मनापासून बोलत होता तो. निरुपमाच्या डोक्यात सणक गेली ती त्यामुळेच. दुसऱ्या कोणाची बहीण इथे आली असती तर ह्याला खजील व्हायचंही कारण नव्हतं.

तिनं आवाज खाली ठेवला आणि वर्गात विचारावं तसं इंग्रजीत विचारलं, "विक्रमसिंह, इंग्लंडमध्ये अटक करताना पोलिसानं त्या माणसाला काय सांगायला हवं?"

त्यानं आधी गोंधळून पाहिलं. पण प्रश्न ओळखीचा होता, विचारणारी ओळखीची होती. त्याची पाठ आपोआप ताठ झाली. न अडखळता, न चुकता, खणखणीत इंग्रजीत तो बोलला: तुम्ही काही बोललंच पाहिजे असं नाही, मात्र पुढे कोर्टात ज्याचा आधार घ्याल ते आत्ता विचारूनही सांगितलं नाहीत, तर तुमच्या बचावाला बाध येऊ शकेल, आणि जे बोलाल ते पुरावा म्हणून मांडलं जाऊ शकेल.

"वाह साहेब," दारातला शिपाई म्हणाला.

"आणि ह्याला सांगितलंस यातलं काही?" निरुपमानं भावाकडे बोट दाखवलं. आता ती मराठीत बोलत होती. "घरी कळवलंस? डॉक्टरला दाखवलंस?"

विक्रमसिंह हसला. टिंगल नव्हती त्या हसण्यात. बाईंना एवढी साधी गोष्ट कशी कळत नाही, याचं नवल होतं.

"मॅडम, ते इंग्लंडचं आहे."

तिनं लक्ष्मीकांतचा दंड धरला आणि सरळ बाहेर चालू लागली. कोणी अडवलं नाही. स्कूटीवर मागे बसलेला लक्ष्मीकांत वाटभर विचारत होता, "ताई, काही बोलतेयस का?" ती बोलत नव्हती. दात घट्ट आवळले होते.

कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं, पडदा फाटलाय. भरेल कदाचित, पण पहिल्यासारखं ऐकू येईलच असं नाही. त्यांनी तसं लिहून दिलं. ते घेऊन निरुपमा ठाण्यात गेली. तिथून तिला वरच्या ऑफिसात पाठवलं, वरच्या ऑफिसानं पुन्हा ठाण्यात. तक्रार कोणी घेतली नाही. सगळे अदबीनं 'बेन, बेन' करत होते आणि पाणी पाजत होते.

"सोड ना," लक्ष्मीकांत म्हणाला. "मला कामावर परत घेतील की नाही हेच अजून नक्की नाही. त्यात पोलिसांशी भांडण."

"तू सोड. मी सोडणार नाही."

"कान माझा आहे, ताई."

ते तिलाही कळत होतं. त्यामुळे राग आणखी चढला. घरात भांडी आपटून, कॉलेजात मुलांवर खेकसून तो कमी होईना. अर्धवट राहिलेली प्रश्नपत्रिका तिनं फाडून टाकली आणि नवी लिहिली. प्रश्न तेच ठेवले, फक्त प्रत्येकाला एक शेपूट जोडलं. लंडनचा साधा शिपाई पिस्तूल बाळगत नाही. तुम्ही काय बाळगता आणि कोणावर चालवता? अमेरिकेत अडचणीतला माणूस अमुक नंबर फिरवतो. तुमच्या चौकीचा फोन कोण उचलतं? इंग्लंडमध्ये अटक करताना अमुक सांगतात. आपल्या सुप्रीम कोर्टानं काय सांगायला लावलंय?

केंद्राचे प्रमुख जयवंतराव मोहिते यांनी तिला बोलावून घेतलं. निवृत्तीला आलेले, पोट सुटलेले, एरवी गोड बोलणारे गृहस्थ. प्रश्नपत्रिका त्यांनी दोन बोटांनी उचलली, ओली असल्यासारखी.

"निरुपमाबेन, हे काय मांडलंय?"

"परीक्षा."

"परीक्षा इंग्रजीची आहे."

"मी इंग्रजीतच विचारलंय."

"शब्दात नका पकडू मला. भावाचं ऐकलं मी, वाईट वाटलं. त्या ठोसरला मी फोनवर चांगला झापला. पण घरचं दुखणं सरकारी पेपरात आणायचं नाही."

"चौकीत फुटलेला कान घरचा कसा झाला, साहेब?"

जयवंतरावांनी घंटी वाजवून शिपायाला बोलावलं. "गेल्या वर्षीचा पेपर काढ. तोच जाईल." मग तिच्याकडे न बघता म्हणाले, "शांती राखा, बेन. पोरांना पास होऊ द्या. त्यांचा काय गुन्हा?"

परीक्षेच्या दिवशी गिरणीच्या जुन्या सूतखात्यात बाकं मांडली होती. जुना पेपर वाटला गेला. त्यातला पहिला प्रश्न दहा मार्कांचा, श्रुतलेखनाचा. त्यापुढे छापलं होतं: परीक्षक उतारा वाचतील. कोणता उतारा, हे छापलं नव्हतं. आणि जयवंतरावांच्याही ते ध्यानात आलं नव्हतं.

निरुपमा बाकांसमोर उभी राहिली. "लिहा," ती म्हणाली आणि इंग्रजीत सावकाश, एकेक वाक्य दोनदा सांगू लागली.

"ज्याला अटक केली त्याच्या नातेवाइकाला किंवा मित्राला कळवलं पाहिजे. स्वल्पविराम नाही, पूर्णविराम. अटकेचा कागद करून त्यावर साक्षीदाराची सही घेतली पाहिजे. त्यानं मागितलं तर अंगावरच्या जखमा तपासून लिहून ठेवल्या पाहिजेत. वकिलाला भेटू दिलं पाहिजे. हे इंग्लंडचं नाही. हे दिल्लीच्या सुप्रीम कोर्टानं सांगितलेलं आहे आणि तुमच्या प्रत्येक ठाण्यात भिंतीवर लावायचं आहे."

पेनं सरसर चालत होती. मुलं सवयीनं लिहीत होती, अर्थाकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

"या महिन्यात हायवेवरच्या एका चौकीत लक्ष्मीकांत दिघे नावाच्या कामगाराला यातलं काहीही सांगितलं गेलं नाही. एका अधिकाऱ्यानं त्याच्या कानाचा पडदा फोडला."

दुसऱ्या रांगेतून शलाका घाटगेनं हात वर केला. सावळी, उंच मुलगी, कायम पुढे बसणारी. "मॅडम, इअरड्रम एक शब्द की दोन?"

"एक."

शलाकानं लिहिलं आणि मग तिचा हात थांबला. तिनं वर पाहिलं. हळूहळू एकेक मान वर झाली.

"लिहा," निरुपमा म्हणाली. "तो अधिकारी याच बाकांवर बसून गेला. याच परीक्षेत तो पहिला आला. त्याला मी शिकवलं. पूर्णविराम."

जयवंतराव दारात येऊन उभे होते. किती वेळ, कोणास ठाऊक. "बस!" ते ओरडले. "पेन खाली! बेन, तुम्ही बाहेर व्हा. आत्ताच्या आत्ता."

"श्रुतलेखन संपलंय, साहेब. मी निघालेच होते."

केंद्राचे तास बंद झाले. ते तिनं गृहीतच धरलं होतं. गृहीत धरलं नव्हतं ते शलाकाचं येणं. आठवड्याभरानं ती दांडिया बाजारातल्या निरुपमाच्या घरी आली, गणवेश न घालता, सलवार-कमीजमध्ये. चप्पल काढायच्या आधीच बोलू लागली.

"तुमचं बरं झालं, मॅडम. तुम्ही बोललात आणि मोकळ्या झालात."

"आत ये आधी."

"आत येऊन काय करू? साहेबांनी सगळ्यांना श्रुतलेखन खोडायला लावलं. सगळ्यांनी खोडलं. मी नाही खोडलं. म्हणून माझा निकाल अडवलाय. चौकशी लावणार म्हणतात. घरी आई म्हणते, दोन रेघा मारायला तुझ्या हाताला काय झालं होतं?"

"मग का नाही मारल्यास?"

"मला नाही माहीत!" शलाका जवळजवळ किंचाळली. "खरं होतं म्हणून असेल. पण तुम्ही आम्हाला विचारलं नाहीत. तुमचा राग आमच्या हातानं लिहून घेतलात. मला पोलीस व्हायचंय, मॅडम. मला त्याच चौकीत रोज जाऊन बसायचंय."

निरुपमाला राग आला, आणि पोरगी बरोबर बोलतेय हे कळल्यामुळे तो कुठे ठेवावा ते समजेना. ती आत गेली, पाण्याचा तांब्या आणला.

"बरोबर आहे तुझं," ती म्हणाली. "मला तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. आता तुझ्यासाठी भांडू या. बस."

दुसऱ्या दिवशी दोघी पोलीस खात्यातल्या मोठ्या साहेबांच्या कचेरीत गेल्या. त्यानंतरही जात राहिल्या. निरुपमा एकच प्रश्न विचारायची: परीक्षकानं सांगितलेलं उमेदवारानं लिहिलं, यात उमेदवाराचा गुन्हा कोणता? कोणालाच लेखी उत्तर द्यायचं नव्हतं. शेवटी सगळ्या तुकडीचंच श्रुतलेखन रद्द झालं आणि शलाकाचा निकाल लागला. पास. पण नेमणूक मिळाली ती दूरच्या जिल्ह्यात.

या सगळ्या येरझाऱ्या लक्ष्मीकांत बघत होता. एक दिवस जेवताना तो म्हणाला, "ती पोरगी माझ्यासाठी निकाल अडकवून घेते, आणि मी घरात बसलोय. वकील बघ, ताई."

कोर्टात खासगी फिर्याद झाली. पावसाळा उलटल्यावर विक्रमसिंहला समन्स निघालं.

तारखेला तो गणवेशात आला. निरुपमाच्या पाया पडला नाही. लक्ष्मीकांतला मात्र व्हरांड्यात कोपऱ्यात घेऊन म्हणाला, "दादा, मिटवून टाकू. माझी नोकरी नवी आहे. माफी मागतो तुमची, इथेच, हात जोडून."

"इथे कोण ऐकतंय?" लक्ष्मीकांत म्हणाला. "आत जज्जसाहेबांसमोर माग. काय केलंस ते सांग आणि माग."

"तसं कसं करता येईल?"

"मग माफी कशाची मागतोयस?"

विक्रमसिंहचे जोडलेले हात खाली आले. त्याच्या जबड्याची शीर उडत होती, आणि निरुपमाला दिसलं की आता त्यालाही राग आलाय. त्याला माफी मागायची होती आणि ती कोणी घेत नव्हतं. अशा वेळी काय करायचं, हे त्याला कोणी शिकवलेलं नव्हतं. ती मध्ये पडली नाही. तिच्याच मुठी पदराआड वळलेल्या होत्या.

पुकारा झाला. तिघं एकामागून एक आत गेले. जज्जसाहेब रजेवर होते. कारकुनानं पुढची तारीख दिली. लक्ष्मीकांतनं ती मोठ्यानं विचारून घेतली, सगळ्या कोर्टाला ऐकू जाईल अशा आवाजात.