पाचांतल्या दोन खाटा

लाल पेनाच्या टोपणावर दातांच्या खुणा होत्या, तिच्याच. चूक दिसली की टोपण आधी दातांत जायचं, मग कागदावर फुली. आताही तेच. १/२ + १/३ = २/५. वरचे वर मिळवले, खालचे खाली... शाळेत तीस वर्षं गणित शिकवताना हीच चूक किती वह्यांत खोडली असेल, आणि आज वही ताईची.

"चुकलं ना? तोंडावरूनच कळतंय, बाई."

"अगं, छेद सारखे करायचे. सहा. दिसतंच की."

"तुला दिसतं. मला नाही."

दिसतं... पण कधीपासून? कधीतरी मलाही दिसत नसणार — ती आठवणीत मागे मागे जात राहिली, पण जिकडे बघावं तिकडे सहाचा आकडा आधीच उभा. न कळणं कसं असतं हेच हरवलं होतं. आणि सोमवारी ताईची परीक्षा. दोनदा नापास, ही शेवटची संधी. इस्पितळाच्या औषधभांडारातली जागा हुकली तर वॉर्डात चादरी बदलणं सुरूच. धाकटीने शिकावं म्हणून चौदाव्या वर्षी शाळा सोडलेली ताई...

"हे दोन पंचमांश आलं कुठून?" तिने विचारलं. इतक्या वर्षांत कुणालाच विचारलं नव्हतं.

"कुठून म्हणजे? दोन खाटांच्या खोलीत एक रिकामी, तीन खाटांच्या खोलीत एक रिकामी. पाचांत दोन. रोज सकाळी सिस्टरांना हेच तर सांगते."

टोपण दातांतून निसटलं. वॉर्डात हे बरोबर होतं! चोख बरोबर!

"ताई, इथे खोल्या दोन नाहीत गं. एकच. तिचाच अर्धा भाग, तिचाच तिसरा हिस्सा."

"एकच? मग आधी नाही का सांगायचं!" ताईने पेन्सिल चावली — खोड घराण्यातलीच. "मग सहा खाटांची घेते. अर्ध्या तीन, तिसरा हिस्सा दोन. सहांत पाच. बघतेस काय? शाबासकी दे नाहीतर फुली मार."

ती हसत सुटली. सोमवारचं सोमवारी... ताई पुढच्या उदाहरणाकडे वळलीसुद्धा. त्या २/५ वर मात्र अजून फुली नव्हती. अर्ध्याहून कमी, तिसऱ्या हिश्शाहून जास्त, दोघांच्या मधे. खोल्या कशाही घेतल्या तरी मधेच पडेल? नेहमी? का?

तिने ताईच्या हातातली पेन्सिल ओढून घेतली. दिसेना. किती वर्षांनी — अजिबात, मुळीच दिसेना.