उजव्या खुर्चीतला कॅप्टन

मानपाड्याच्या भोईरांत वैमानिक झाला तो दिपेश एकटाच. बाकीच्यांनी भातखाचरांवर इमारती उठवल्या आणि भाड्यावर निवांत झाले. दिपेशचा जीव मात्र पंचविशीपासून विमानात अडकलेला. सुट्टीच्या दिवशीही गच्चीत उभा राहून वाऱ्याचा रोख बघायचा. बायको समृद्धी म्हणायची, "ही नोकरी नाही रे, व्यसन आहे तुझं."

गेल्या वर्षी वैद्यकीय तपासणीत त्याच्या हृदयाची एक रक्तवाहिनी अरुंद निघाली. स्टेंट बसला, दुखणं मिटलं, पण उडणं थांबलं. नौपाड्यातल्या डॉक्टरांकडे खेपा घालून तो मेटाकुटीला आला. घरी यावं, तर धाकटा भाऊ संदेश चहाला हजर.

"दादा, घरबसल्या भाडं येतंय ना? मग कशाला जीव जाळतोस? शेवटी ड्रायव्हरकीच ना ती!"

दिपेश दातओठ खात गच्चीत निघून जायचा.

अखेर परवानगी मिळाली, तीही अर्धीमुर्धी. उडता येईल, पण कमांडर म्हणून नाही. उजवीकडे बसून, सहवैमानिक म्हणून. कंपनीने दुसरी वाटही दाखवली होती: जमिनीवर राहून नव्या मुलांना शिकवा, मान तोच राहील. समृद्धीला वाटलं, हा तेच निवडेल.

"डावीकडे बसवा नाहीतर उजवीकडे," तो म्हणाला, "मला कॉकपिटमध्येच बसायचंय."

सिम्युलेटरवरचा, म्हणजे जमिनीवरच्या नकली कॉकपिटमधला सराव उरकला आणि पहिलंच उड्डाण आलं ते कॅप्टन विनीत कर्णिकबरोबर. विनीत वयाने बराच लहान. त्याला दिपेशनेच तयार केलेलं. दिपेशला बघून तो चटकन उठून उभा राहिला.

"सर, तुम्ही..."

"बसा कॅप्टन. उशीर होतोय."

विमानाभोवती फिरून टायर, पंख, इंजिनं बघणं आता दिपेशच्या वाट्याला. उन्हात तो खाली उतरला तेव्हा ओळखीच्या इंजिनिअरची नजर त्याच्या खांद्यावर गेली. कॅप्टनच्या चार पट्ट्यांच्या जागी तीन होत्या. इंजिनिअरने पटकन मान वळवली. त्यापेक्षा त्याने विचारलं असतं तर बरं झालं असतं.

नागपूर जवळ आलं तशी दुपारच्या तापलेल्या हवेने विमान हेलकावे घेऊ लागलं. विनीतने मघाशीच सांगितलं होतं, "लँडिंग तुमचं, सर." दिपेशच्या हातात जीव आला. धावपट्टी समोर दिसत होती. तेवढ्यात वाऱ्याचा झोत आला, वेग घसरला आणि विमान एका अंगाला कललं.

"गो अराउंड," विनीत म्हणाला. म्हणजे उतरू नका, पुन्हा वर चला.

दिपेशने विमान सावरलं होतं. आणखी क्षणभर मिळाला तर आपण ते अलगद टेकवू, अशी त्याची खात्री होती. हात थबकले. किंचितच.

"माझ्याकडे द्या," विनीतचा आवाज करडा झाला. दिपेशने हात काढून घेतले. विमान गर्जत वर गेलं, वळसा घालून आलं आणि विनीतने ते उतरवलं. थोडं आपटलंच.

प्रवासी उतरल्यावर विनीत खाली बघत म्हणाला, "सर, मला हे कंपनीला कळवावं लागेल. सॉरी."

"सॉरी कशाला? मी तुझ्या जागी असतो तर हेच केलं असतं. आणि थबकणाऱ्याला चांगला झापलाही असता."

हे बोलताना त्याचे कान तापले होते. विनीत चुकला असता, तर निदान त्याच्यावर चिडता आलं असतं. पण तो बरोबर होता.

परतीचं विमान विनीतनेच चालवलं. मुंबईत उतरल्याबरोबर कंपनीचा फोन आला: पुढल्या आठवड्यात पुन्हा सिम्युलेटर, त्यानंतरच उड्डाण. मग शीळफाट्याला गाडी अडकली ती हलेना. पुढच्या ट्रकवर दिपेश इतका मोठ्याने खेकसला, की त्याच्याच गाडीचा ड्रायव्हर दचकून आरशातून त्याच्याकडे बघू लागला.

घरी संदेश बसलेलाच होता. "काय दादा, झाली हौस?"

"हौस नाही रे ती!" दिपेशने बॅग आदळली. "मला दुसरं काही येत नाही आणि दुसरं काही करायचंही नाही. तुला कळत नसेल तर निदान गप्प तरी बस."

संदेश चपला घालून निघून गेला. समृद्धीने ताट वाढलं. दिपेश भाताला हात लावेना. पलंगावरून म्हातारी ठमाबाई मुलाकडे टक लावून बघत होती.

"काय रं, इमान परलं का?"

"पडलं नाही गं आई. उतरवताना माझ्या हातातून काढून घेतलं. त्या विनीतने."

"मानसा उतरली ना समदी सुखरूप?"

"उतरली."

"मंग जेव."

दिपेश जेवला. राग तसाच होता, तरी जेवला. हात धुताना त्याने समृद्धीला सांगितलं, "सोमवारी डबा लवकर लागेल. सिम्युलेटर आहे."