डावीकडे झुकणारी वेणी

"तुमच्या सासूबाई हल्ली दर शनिवारी पार्लरला जातात म्हणे?" लिफ्टमध्ये शेजारच्या वहिनींनी विचारलं. "बरंच आहे बाई. मन रमवायला हवंच काहीतरी."

वाक्य सरळ होतं, पण ते म्हणताना वहिनी ज्या हसल्या, ते हसू सूनबाईला घरात शिरल्यावरही सोडेना.

वीजबिलांच्या कार्यालयात ती तक्रारींच्या खिडकीवर बसायची. दिवसभर लोक तावातावाने येत आणि ती शांतपणे म्हणायची, "आधी तुमची अडचण काय आहे ती नीट सांगा. मग तोडगा काढू." साहेब नव्या मुलांना तिचं उदाहरण देत. संध्याकाळपर्यंत मात्र ऐकून घ्यायची सगळी ताकद तिथेच संपलेली असायची.

"अप्पांना जाऊन वर्षसुद्धा झालं नाही," ती नवऱ्याला म्हणाली, "आणि आईंचं दर शनिवारी पार्लर! जन्मात कधी पावडर लावली नाही त्यांनी."

"जाऊ दे की. तुझ्या डोक्यावर बसून जातात का?" मोबाईलमधून डोकं न काढता नवरा म्हणाला.

"त्या नाही, लोक बसतात माझ्या डोक्यावर!"

"मग तू बोल त्यांच्याशी. बायकांचं बायकांनी बघा."

ती बोलली. सासूबाई स्वयंपाकघरात स्टुलावर बसून मटार सोलत होत्या.

"आई, एवढे लांब केस आता हवेत कशाला? मानेपर्यंत कापून टाका. धुणं सोपं, विंचरणं सोपं, आणि दर आठवड्याची ती पायपीटही बंद."

सासूबाईंची बोटं शेंगेवर थांबली. "सोपं होईल म्हणतेस?"

"अगदी! मी फोन करून ठेवते पार्लरमध्ये."

"बरं. तुम्ही सगळे म्हणाल तसं."

होकाराचा आणि हरण्याचा आवाज पुष्कळदा एकच असतो. सूनबाईने तो होकार म्हणून ऐकला आणि लगेच फोन लावला. पलीकडे पार्लरवाली ताई जरा घुटमळली. "सगळेच कापायचे? त्यांना विचारलंय ना?"

"अहो, त्या तयार आहेत."

शनिवारी कार्यालय दुपारीच सुटलं. आपण सासूबाईंना न्यायला जावं, वाटेत काहीतरी गोड घ्यावं, असं ठरवून सूनबाई पार्लरमध्ये पोचली. चपलांचं दुकान आणि झेरॉक्सवाला यांच्यामध्ये ती अरुंद जागा होती. दोन खुर्च्या, भिंतीभर आरसा, मागे मानेपुरती खाच असलेलं बेसिन. एका कोपऱ्यात, शिकाऊ मुलींना सरावासाठी ठेवलेलं खोटे केस लावलेलं प्लास्टिकचं डोकं.

सासूबाई तिच्याकडे पाठ करून बसल्या होत्या. काळ्या चादरीच्या वर उघडी मान दिसत होती. ती मान इतकी बारीक आहे, हे सूनबाईला आजवर कधी दिसलं नव्हतं.

आरशाखालच्या फळीवर त्यांची वेणी पडली होती. लांब केस कापायचे तर आधी घट्ट वेणी घालतात, दोन्ही टोकांना रबर बांधतात आणि वरच्या रबराच्याही वर कात्री चालवतात, म्हणजे केस विखुरत नाहीत. करडी, जाड वेणी अखंड तशीच होती.

"किती छान दिसताय आई! दहा वर्षांनी लहान झालात!" सूनबाई म्हणाली. मग तिला घरातला जुना विनोद आठवला. सासूबाईंची वेणी कायम डावीकडे झुकलेली असायची आणि सगळे त्यावरून त्यांना चिडवायचे. "आणि ही बघा, फळीवर पडूनसुद्धा डावीकडेच पळतेय!"

ताईने कोपऱ्यातला झाडू उचलला.

"मी जरा तोंड धुऊन येते," म्हणत सासूबाई उठल्या आणि पडद्यामागे गेल्या. नळ सुरू झाल्याचा आवाज आला.

शेजारच्या खुर्चीत डोक्याला रंग थापून एक काकू बसल्या होत्या. हाडाच्या नर्स, आता निवृत्त. त्यांनी आरशातूनच सूनबाईकडे पाहिलं. "तू सून ना? बस इथे. ताई, सांग हिला. नाहीतर मी सांगते, आणि माझं बोलणं जरा लागतं."

ताई झाडू घेऊन उगाचच स्वच्छ फरशी झाडत होती. "ती वेणी मीच तशी घालते," ती म्हणाली. "मुद्दाम. अप्पा डावखुरे होते ना. त्यांची तशी यायची."

"अप्पांची?"

"दोन वर्षांपूर्वी आईंचा उजवा खांदा आखडला. हात हनुवटीच्या वर जाईना. तेव्हा अप्पा इथे आले आणि म्हणाले, मला वेणी शिकवा. आठवडाभर बायकांच्या रांगेत त्या बाकावर बसले आणि त्या प्लास्टिकच्या डोक्यावर शिकले. आधी म्हणाले, मी घड्याळजी माणूस, केसाएवढी स्प्रिंग बसवतो, मला केसांचं काय कौतुक! आणि मग तासभर गुंता सोडवत बसले."

"पहिली वेणी बघून मी विचारलं होतं," काकू म्हणाल्या, "अहो, ही बायकोला घालायची आहे की गोणीचं तोंड बांधायचंय? पोट धरून हसले होते ते."

सूनबाईला सगळं आठवत गेलं. रोज सकाळी त्या दोघांच्या खोलीचं दार थोडा वेळ बंद असायचं. 'आई-अप्पांची मीटिंग' म्हणून सगळे हसायचे. सासूबाईंनी खांद्याचे व्यायाम सोडले, 'बरा आहे आता' म्हणाल्या, आणि हात वर करून दाखवा असं कुणी म्हटलं नाही. अप्पा गेल्यावर वरच्या फळीवरचे डबे खाली आले, तेव्हा 'ओट्यावर पसारा झालाय' म्हणून तीच कुरकुरली होती.

"पण मला का नाही सांगितलं त्यांनी? मी काय परकी आहे?"

"तू रोज सकाळी धावत असतेस म्हणाल्या," ताईने खाली बघतच उत्तर दिलं. "आणि अप्पांनी बजावलं होतं. मला हसले तर चालेल, पण हिची कीव नको घरात. आज मी तीनदा विचारलं, कापू ना? म्हणाल्या, घरात ठरलंय."

"मी तरी काय करणार होते? लोक बोलत होते, काकू. नवरा जाऊन वर्ष झालं नाही आणि ही बाई नटायला जाते, असं."

"लोक! मग लोकांना सांगायचं, या, रोज सकाळी हिची वेणी घालून जा!" काकूंचा आवाज चढला. "अगं, बाईच्या डोक्यावरून हात फिरवणारं माणूस वयाबरोबर कमी होत जातं. आधी आई जाते. मुलं मोठी होतात. मग नवरा जातो. शेवटी राहतं हे बेसिन. इथे कितीजणी फक्त केस धुवायला येतात बघ. कोमट पाणी डोक्यावर पडलं की डोळे वाहतात. ताई काही विचारत नाही, टॉवेल देते. आणि तुम्ही याला नखरे म्हणता! ताई, रंग कानात चाललाय माझ्या, पूस आधी."

सूनबाईने वेणी उचलली. हातात ती वाटली होती त्यापेक्षा जड लागली. अरेरे! दिवसभर परक्यांना अडचण विचारणारी आपण, घरातल्या माणसाला न विचारताच तोडगा काढून मोकळ्या झालो! आणि तोही कात्रीने!

पडदा सरकवून सासूबाई बाहेर आल्या. कपाळावरचे आखूड केस ओले होते.

"आई, चुकलं माझं. फार चुकलं. ही वेणी मी जपून ठेवते, घरी नेऊ आपण."

"नको गं. ही कुठे त्यांनी घातलेली आहे?" सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "त्यांनी घातलेली शेवटची वेणी मी कितीतरी दिवस सोडली नव्हती. डोक्याला रुमाल बांधून फिरायचे, आठवतं?"

आठवत होतं. दुःखात आहेत, म्हणून त्या रुमालाबद्दल कुणी चौकशी केली नव्हती.

"मग वास यायला लागला केसांना. ताईनेच सोडली ती. वर सैल, खाली घट्ट, डावीकडे, हे तिने तेव्हाच बघून ठेवलं. म्हणून दर शनिवारी यायचे. ती वेणी घालायची तेव्हा मी डोळे मिटून बसायचे. तेवढ्यापुरतं ते मागे उभे असल्यासारखं वाटायचं." त्यांनी मानेमागे डावा हात नेला. बोटांना काही लागलं नाही. "असू दे. केसच ते. वाढतील. वाढेपर्यंत मी असले म्हणजे झालं."

गोड काही न घेताच दोघी घरी आल्या. नवऱ्याने मोबाईलवरून नजर वर केली. "अरे वा! मस्त दिसतेय आई. कटकट मिटली एकदाची."

"त्यांना उजवा हात वर करायला सांग," सूनबाई म्हणाली.

"आता हे काय नवीन?"

"सांग तर."

सासूबाईंनी हात उचलला. तो हनुवटीपर्यंत आला आणि तिथेच अडला. मुलाने मोबाईल खाली ठेवला.

"बायकांचं बायकांनी बघा म्हणालास," सूनबाई म्हणाली. "मी पण नाही बघितलं."

पुढच्या शनिवारी तिघंही लिफ्टमध्ये होती. शेजारच्या वहिनींनी वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आज सगळी पलटण निघाली कुठे?"

"पार्लरला," सूनबाई म्हणाली. "आईंना हात वर नेता येत नाही, म्हणून केस वाढेपर्यंत आम्ही वेणी घालायला शिकतोय."

वहिनींनी लिफ्टचं बटण पुन्हा एकदा दाबलं.

ताईने प्लास्टिकचं डोकं बाकावर ठेवलं. मुलगा त्याच्यासमोर अवघडून बसला आणि तीन पेड हातात धरून कुठला कशावरून न्यायचा ते विसरला. बेसिनच्या खाचेत मान टेकवून सासूबाई डोळे मिटून होत्या. सूनबाई त्यांचे केस धूत होती. ते तिच्या मुठीतही मावतील एवढेच उरले होते. पाणी कोमट होतं. टॉवेल तिने आधीच हाताशी ठेवला होता.

घरातली एखादी बाई आरशासमोर बसली, पार्लरला निघाली, तर तिला नखरेल म्हणण्याआधी आपण एवढंच करावं. तिचा हात कुठवर जातो ते पाहावं, आणि तिच्या डोक्यावरून शेवटचा हात कुणी, कधी फिरवला होता, ते स्वतःला विचारावं. लोकांच्या तोंडाला घाबरून आपण घरच्या माणसावर कात्री चालवतो. कापलेले केस वाढतात, हे खरं. पण ते वाढेपर्यंत माणूस थांबेलच, असं नसतं.